स्वतःवरचा हक्क सोडताना

मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्मभगिनी माहीत असते ती तिच्या कामामुळे. शाळेतली सिस्टर, दवाखान्यातली सिस्टर, अनाथाश्रमातली सिस्टर. तिच्याबद्दल आदराने बोलणारा माणूसही ती काय करते एवढे सांगतो आणि थांबतो. उजाडायच्या आत उठून ती चॅपेलमध्ये काय करत बसते, तिने लग्न का केले नाही, तिचा पगार कुठे जातो, बदलीचे पत्र आले की जीव लावलेले गाव सोडून ती का निघते, हे तिला क्वचितच कोणी विचारले असेल. या पुस्तकातले लेख आणि मुलाखती त्या न विचारलेल्या प्रश्नांपासून सुरू होतात.

ते आजच विचारायला हवेत, असे मला वाटते. ज्या कामांमुळे धर्मसंघांना आपल्याकडे मान मिळाला ती कामे आता इतरही करतात. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या चार खासगी शाळा असतात. नर्सिंग हा हजारो मुलींचा पगारी पेशा झाला आहे. समाजकार्याची पदवी घेऊन, संसार सांभाळून, आदिवासी पाड्यांवर आयुष्य घालवणारी माणसे आपण पाहतो. मग गोरगरिबांची सेवाच करायची तर व्रते कशाला घ्यायची? वसईतल्या किंवा साष्टीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीने हा प्रश्न विचारला तर तो उद्धट ठरत नाही, रास्त ठरतो. आणि ‘आम्ही जास्त मनापासून काम करतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण ते खरे असेलच असे नाही.

माझी धारणा अशी आहे की समर्पित जीवनाचा गाभा कामात कधी नव्हताच. आपल्या वेळेवर, पैशावर, शरीरावर, भविष्यावर आपला जो हक्क आहे असे आपण धरून चालतो तो माणूस देवाच्या हाती देतो, ही मूळ गोष्ट. काम त्यातून निघते, काळाप्रमाणे बदलते, कधी बंदही पडते. धर्मसंघ जेव्हा जेव्हा आपल्या कामालाच किंवा इमारतींनाच सर्वस्व समजू लागले तेव्हा ते आतून पोकळ झाले. मग कोणीतरी बाहेर पडून मुळापाशी गेले आणि पुन्हा पालवी फुटली. ख्रिस्ती व्रतस्थ जीवनाचा सतराशे वर्षांचा इतिहास मला तरी असाच दिसतो.

सुरुवात मात्र व्रतांच्या आधीची आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार पहिले समर्पण बाप्तिस्म्यात होते, आणि ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे असते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपले शरीरच जिवंत यज्ञ म्हणून देवाला वाहण्याची विनंती केली आहे, ती साऱ्या मंडळीला उद्देशून आहे. मठ तेव्हा अस्तित्वातच नव्हते. नन, ब्रदर, मठवासी जे करतात ते या पहिल्या समर्पणाची एक विशिष्ट, उघड आणि आयुष्यभराची बांधणी असते. हे विसरले की दोन चुका होतात. नन म्हणजे वरच्या दर्जाची ख्रिस्ती असे वाटू लागते, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या, दोन मुले असलेल्या माणसाला समर्पण हा आपला विषयच नाही असे वाटू लागते. हे पुस्तक दोघांसाठी आहे.

नव्या वाचकासाठी थोडी ओळखपाळख. रोज ज्यांना ‘फादर’ म्हटले जाते ते सगळे व्रतस्थ नसतात. धर्मप्रांताचा धर्मगुरू महागुरूंना (बिशपना) आज्ञापालनाचे वचन देतो, अविवाहित राहतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याच्या नावावर बँकेत खाते असू शकते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि 2020 च्या धाराशिव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे असे वसई धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, सालेशियन हे धर्मसंघ वेगळे. त्यांचे सभासद दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात आणि एकत्र राहतात. त्यातले काही जण पुरोहित असतात, काही आयुष्यभर ब्रदर राहतात. कार्मेलच्या मठवासी भगिनी सहसा मठाबाहेर पडत नाहीत. बाकी बहुतेक सिस्टर्स लोकांत वावरून काम करतात. 1947 पासून कॅथलिक चर्चने आणखी एका प्रकाराला अधिकृत मान्यता दिली: व्रते घेऊनही स्वतःच्या घरी राहणारे, नोकरी करणारे, कुठलाही वेश न घालणारे लोक. तुमच्या कार्यालयात अशी एखादी व्यक्ती असेल आणि तुम्हाला ते कधी कळणारही नाही.

या वाटेवर कोणी एका रात्रीत येत नाही. आधी उमेदवारीचा काळ, मग किमान बारा महिन्यांचे नोव्हिशिएट म्हणजे व्रतांपूर्वीच्या तयारीचा काळ, मग तात्पुरती व्रते. ती किमान तीन वर्षे चालतात, नऊ वर्षांपर्यंत लांबू शकतात, आणि त्यानंतरच कायमची व्रते. चर्चचे कायदे इथे मुद्दाम सावकाश आहेत. भावनेच्या भरात दिलेला शब्द आणि विचार करून दिलेला शब्द यांत फरक पडावा म्हणून हा वेळ ठेवला आहे.

आता इतिहासाकडे. इसवी सन 270 च्या सुमारास इजिप्तमधल्या अँटनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये श्रीमंत तरुणाची गोष्ट ऐकली. सर्व विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे येशूने ज्याला सांगितले आणि जो खिन्न होऊन परत गेला, तोच हा तरुण. अँटनी परत गेला नाही. त्याने वडिलोपार्जित जमीन दिली आणि पुढे वाळवंट गाठले. चौथ्या शतकात छळ थांबला, सम्राट ख्रिस्ती झाले, चर्चमध्ये प्रतिष्ठा आणि पैसा आला, आणि नेमक्या त्याच काळात हजारो स्त्री-पुरुष वाळवंटात गेले हा योगायोग नाही. पाखोमियस या माजी सैनिकाने 320 च्या सुमारास नाईलकाठी त्यांना एकत्र राहण्याची शिस्त दिली. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने आपल्या 73 प्रकरणांच्या नियमात प्रार्थना, हातांचे काम आणि वाचन यांची दिवसभराची घडी बसवली. त्याच्या मठवासीयांचे एक व्रत मला विशेष वाटते: एकाच मठात, त्याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहायचे. कंटाळा आला, शेजारचा घोरतो, मठाधिपती पटत नाही, तरी तिथेच. देवाचा शोध सोबतच्या माणसांना सहन करण्यातून जातो, असा त्याचा अनुभव असावा.

पुढच्या शतकांत मठ श्रीमंत झाले. 910 मध्ये क्लूनीच्या मठाने सुधारणा केली आणि मग क्लूनी स्वतःच वैभवशाली झाले. 1098 मध्ये काही जण सीतो इथे दलदलीच्या रानात साधेपणा शोधायला गेले. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने मठाच्या भिंतीच सोडल्या आणि भाऊबंदांसह रस्त्यावर, भिक्षेवर जगायला सुरुवात केली. तो पुरोहित कधीच झाला नाही.

स्त्रियांचा इतिहास याच कहाणीत वेगळ्या वळणाने जातो, आणि तो सहसा कमी सांगितला जातो. मध्ययुगात आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात बेगीन नावाच्या स्त्रिया होत्या. त्या जन्मभराची व्रते घेत नसत, सूत कातून, रुग्णसेवा करून पोट भरत, एकत्र प्रार्थना करत. चर्चच्या अधिकाऱ्यांना त्या ना लग्नाच्या चौकटीत बसणाऱ्या दिसल्या ना मठाच्या. त्यांच्यातली मानली जाणारी मार्गरीत पोरेत आपले पुस्तक मागे घ्यायला तयार झाली नाही, म्हणून 1310 मध्ये तिला पॅरिसला जाळण्यात आले. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनंतर सर्व नन्सना भिंतीआड राहण्याची सक्ती झाली. तेव्हा व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी 1633 मध्ये एक शहाणपणाची वाट काढली. त्यांच्या भगिनींना ‘नन’ म्हणायचेच नाही, व्रते दर वर्षी नव्याने घ्यायची, म्हणजे कुलूपबंद मठाचा नियम लागू होणार नाही. गल्ल्याबोळांतून आजाऱ्यांच्या खाटेपर्यंत जाणारी सिस्टर आज आपल्याला स्वाभाविक वाटते. तिच्यामागे या स्त्रियांची तीनशे वर्षांची चिकाटी आहे.

प्रॉटेस्टंट परंपरेने व्रतांवरच प्रश्नचिन्ह लावले. या परंपरेचा प्रवर्तक मार्टिन लूथर स्वतः ऑगस्टिनियन संघाचा साधू होता. 1521 मध्ये त्याने व्रतांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला आणि 1525 मध्ये पूर्वी नन असलेल्या काथारीना फॉन बोराशी लग्न केले. त्याचे म्हणणे सरळ होते: चांभाराचे काम, आईचे काम हेही देवाचे पाचारण आहे, आणि व्रताने देवाची कृपा कमावता येत नाही. या आक्षेपात जे खरे होते ते कॅथलिक चर्चने चारशे वर्षांनी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, पावित्र्याचे बोलावणे सर्वांना आहे असे म्हणून आपल्या भाषेत मान्य केले. पण प्रॉटेस्टंटांमधली समर्पणाची ओढही दुसऱ्या वाटांनी उगवत राहिली. हेर्नहूटच्या मोरावियन वस्तीत 1727 पासून आळीपाळीने चालवलेली प्रार्थना शंभरहून अधिक वर्षे अखंड राहिली. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1755 मध्ये देवाशी केलेल्या कराराचे दरवर्षी नूतनीकरण करण्याची उपासना सुरू केली. जर्मनीत कायझर्सव्हर्टला 1836 मध्ये डीकनेस (चर्च-सेविका) भगिनींची संस्था निघाली. इंग्लंडमध्ये अँग्लिकन धर्मसंघ पुन्हा उभे राहिले. त्यातल्या वाँटेजच्या भगिनी आणि काउली फादर्स यांनी मराठी मुलखाशी घट्ट नाते जोडले.

आपल्याकडच्या कहाणीबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण ती अजून नीट सांगितलेली नाही. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघ यांच्या मठ-चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 1597 मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारला गेला. जुन्या गोव्यात 1606 मध्ये सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ सुरू झाला. या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपीय धर्मसंघ स्थानिक लोकांना सहसा आत घेत नसत; ज्यांना घेत त्यांना खालच्या पायरीवर ठेवत. बाणावलीच्या जुझे वाझ यांच्या नेतृत्वाखाली गोव्यात ऑरेटरी हा स्थानिक पुरोहितांचा संघ उभा राहिला, त्याला ही पार्श्वभूमी होती; आणि तो संघही मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांतल्या पुरोहितांचा होता. स्वतःवरचा हक्क सोडला म्हणणाऱ्यांना जातीचा हक्क सोडणे जड गेले, हे आपण कबूल केले नाही तर आजच्या दलित आणि आदिवासी उमेदवारांच्या तक्रारी आपल्याला कळणार नाहीत. तरीही वाझ डच राजवटीतल्या श्रीलंकेत वेषांतर करून गेले आणि तिथल्या सोडून दिलेल्या कॅथलिकांसाठी मरेपर्यंत राबले हेही तितकेच खरे. 2015 मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

मराठी ख्रिस्ती मनाने समर्पणाचा स्वतःचा विचार केला तो एकोणिसाव्या शतकात. नीळकंठशास्त्री गोऱ्हे काशीचे चित्पावन पंडित. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर ते पुरोहित झाले आणि काउली फादर्सच्या सहवासात अतिशय विरक्त आयुष्य जगले. पंडिता रमाबाईंच्या विचारावर त्यांचा प्रभाव होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये वाँटेजच्या भगिनींकडे राहत असतानाच झाला. पण त्या नन झाल्या नाहीत. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा चाललेला पत्रव्यवहार वाचला की कारण उमगते: ख्रिस्ताला सर्वस्व द्यायला त्या तयार होत्या, चर्चच्या अधिकाऱ्यांकडे आपली विवेकबुद्धी गहाण टाकायला नव्हत्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातून आणलेल्या स्त्रियांबरोबर शेती, छापखाना, शिक्षण असे सगळे उभे केले. 1905 मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक संजीवन (रिव्हायव्हल) झाले. आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. आज्ञापालन म्हणजे काय या प्रश्नावर मराठीत रमाबाईंच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळा प्रयोग केला. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. 1919 मध्ये ते वारले आणि प्रयोग रुजायच्या आत थांबला. अपयशी म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे, पण वारकरी संतांच्या भूमीत ख्रिस्ती संन्यासाचे रूप कसे असावे हा प्रश्न त्यांनी ज्या धिटाईने विचारला तो अजून उत्तराची वाट पाहतो आहे. आणि घरातल्या एकाच्या समर्पणाची किंमत घरातल्या दुसऱ्याला कशी मोजावी लागते, हे समजण्यासाठी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावे. 1920 च्या दशकात जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने सुरू केलेला आणि पुण्यात स्थिरावलेला ख्रिस्त सेवा संघ टिळकांच्या वाटेचाच पुढचा टप्पा. खादी, जमिनीवर बसून जेवण, भारतीय आणि युरोपीय एका छपराखाली. 1970 च्या दशकात त्या संघाच्या पुण्यातल्या आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या.

आज आपण कुठे आहोत? 1970 च्या सुमारास जगात सुमारे 10 लाख कॅथलिक सिस्टर्स होत्या. आता सुमारे 6 लाख उरल्या आहेत. भारतात त्या एक लाखाच्या आसपास असल्या तरी वसई, गोवा, मंगळूर या जुन्या ख्रिस्ती पट्ट्यांत नोव्हिशिएट रिकामे होत चालले आहेत. घरात दोनच मुले, मुलींना शिक्षणाच्या आणि परदेशाच्या वाटा खुल्या, हे कारण आहेच. पण घसरण हे संकट आहे असे मी मानत नाही. ज्या काळात एखाद्या हुशार गरीब मुलीला शिकण्यासाठी कॉन्व्हेंट हीच एकमेव वाट होती, त्या काळातल्या संख्येत सगळेच पाचारण नव्हते.

खरे संकट आज्ञापालनाच्या व्रताशी निगडित आहे. सिस्टर्सचे शोषण धर्मगुरूंकडून आणि महागुरूंकडूनही झाले आहे हे तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्याआधी 2018 मध्ये केरळात काही सिस्टर्स आपल्या एका भगिनीला न्याय मिळावा म्हणून रस्त्यावर धरणे धरून बसल्या होत्या. देवाला दिलेला शब्द माणसाने आपल्या सत्तेसाठी वापरला की समर्पणाचा कणाच मोडतो. म्हणून या पुस्तकात आज्ञापालनाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. वरिष्ठाने आधी ऐकायचे असते, आज्ञेला विवेकाची आणि कायद्याची हद्द असते, आणि गप्प बसणे हा सद्गुण नाही, हे आज नोव्हिशिएटमध्ये शिकवावेच लागेल.

दारिद्र्याचा अर्थही बदलतो आहे. प्रत्येक सिस्टरच्या हातात संघाने दिलेला स्मार्टफोन आहे, संघाच्या नावावर मोक्याच्या जमिनी आहेत. व्यक्ती गरीब आणि संस्था श्रीमंत हे जुने दुखणे नव्या रूपात समोर आहे. त्याचे उत्तर मला काही माणसांच्या जगण्यात दिसते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत पाणलोटाच्या कामात आयुष्य घालवणारे स्विस येशूसंघीय हर्मन बाखर. मध्य प्रदेशात सावकारांच्या विळख्यातल्या आदिवासींची बाजू घेणाऱ्या, 1995 मध्ये बसमधून ओढून मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया, आणि त्यांच्या मारेकऱ्याला माफ करून त्याला राखी बांधणारी त्यांची सख्खी बहीण, तीही धर्मभगिनीच. आणि ज्याला हयातीत एकही टिकाऊ अनुयायी मिळाला नाही असा सहारातला शार्ल द फूको. 1916 मध्ये तो मारला गेला तेव्हा दाखवण्यासारखे संस्थात्मक काम त्याच्याकडे काहीही नव्हते. तुआरेग लोकांचा शेजारी होऊन राहणे, त्यांची भाषा शिकून शब्दकोश रचणे आणि प्रार्थना, एवढेच. कामावरून समर्पण मोजणाऱ्या आपल्या सवयीला फूकोसारखा धक्का दुसरा कोणी देत नाही.

ब्रह्मचर्याबद्दल लोक सर्वांत जास्त कुतूहलाने विचारतात आणि सर्वांत कमी ऐकून घेतात. इथे एवढेच म्हणतो की प्रेम कमी असलेल्याला हे व्रत झेपत नाही. ज्याला मैत्री जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे जाणकार वरिष्ठ आता उमेदवारांना स्पष्ट सांगतात.

संसारी वाचकासाठी पुस्तकात स्वतंत्र भाग आहे, आणि तो परिशिष्ट म्हणून जोडलेला नाही. रोजच्या प्रार्थनेची वेळ फोनपासून वाचवणे, पगाराचा दशमांश देताना उरलेल्या नऊ भागांचाही हिशेब देवापुढे मांडणे, नोकरीत खोट्या बिलावर सही न करणे, म्हाताऱ्या सासूची शुश्रूषा करताना मनात साचणारा राग रात्री प्रामाणिकपणे कबूल करणे, हे सगळे समर्पणाचेच विषय आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले काही पाळक आणि कॅथलिक संसारी स्त्री-पुरुष या भागात आपापल्या भाषेत बोलले आहेत. त्यांची मते एकमेकांशी जुळवून घेण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. व्रतांबद्दल लूथरच्या बाजूने बोलणारा लेख आणि कार्मेलच्या भगिनीचे मनोगत शेजारी शेजारी आहेत. वाचकाने दोन्हींशी वाद घालावा.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी हे पुस्तक वाचावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्यांना अपरिचित असलेल्या संज्ञा जिथे आल्या तिथेच समजावल्या आहेत, आणि कोणाला धर्मांतरासाठी बोलावण्याचा हेतू कुठल्याही लेखात नाही. व्रते सोडून बाहेर पडलेल्या काही जणींनीही आमच्याशी बोलण्याचे धैर्य दाखवले. त्यांच्या मुलाखती आम्ही शेवटी न टाकता नोव्हिशिएटवरच्या भागातच घेतल्या आहेत, कारण आत जाणाऱ्या मुलीने दार उघडण्यापूर्वी त्या वाचायला हव्यात. त्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार बदलली आहेत. बाकी शब्द त्यांचेच आहेत.